ब्रेक दाबला आणि दिवा विझला

रात्रीची वेळ. एक जुनी प्रीमियर पद्मिनी रस्त्याकडेला उभी आहे. मागचे तांबडे दिवे लागलेले आहेत. चालकाने ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला. डावीकडचा दिवा झगझगीत उजळला, म्हणजे ठीकच झालं. उजवीकडचा दिवा मात्र उजळायचा सोडून जवळजवळ विझला. त्याच क्षणी गाडीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातला इंडिकेटर मंद पिवळट पेटून राहिला, आणि इंडिकेटरच्या दांडीला तर कुणी हातही लावलेला नव्हता. पाय काढला की सगळं पूर्ववत.

अशी गाडी पाहिली की लोक म्हणतात, वायरिंगला वेड लागलंय. सगळं उपटून नवं टाका. खरं तर या गाडीतला प्रत्येक इलेक्ट्रॉन अगदी शहाण्यासारखा वागतो आहे. विझलेला दिवा, पेटलेला इंडिकेटर, दोन्हींचा हिशोब कागदावर मांडता येतो, आणि तो मांडला की दोष कुठे आहे हे पाना हातात घेण्याआधीच कळतं. जुन्या गाडीच्या वायरिंगमधला दोष शोधण्यातलं सगळ्यात मोठं नवल मला हेच वाटतं: बिघडलेली गाडीसुद्धा नियम मोडत नाही.

पद्मिनी हे शिकायला फार चांगली गाडी आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणून ती काही पिढ्यांच्या मनात बसली. ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादा संपल्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, पण हौशी लोकांकडे ही गाडी आजही जिवापाड जपलेली आहे. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. बॅटरी, किल्लीचा स्विच, फ्यूजचा डबा, दिवे, हॉर्न, वायपर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. सगळं डोळ्यांसमोर आहे. दिसत नाही ती फक्त वीज.

परतीची वाट

घरातल्या दिव्याकडे दोन तारा जातात. एकीने करंट येतो, दुसरीने परत जातो. जुन्या गाडीतल्या बहुतेक दिव्यांकडे एकच तार गेलेली दिसते. दुसरी तार कुठे आहे? आपण तिच्यावर बसलेलो असतो. गाडीची सगळी पोलादी बॉडी हीच परतीची वाट असते. बॅटरीचं एक टोक, पद्मिनीत ऋण टोक, जाड पट्टीने बॉडीला जोडलेलं असतं. प्रत्येक दिवा, प्रत्येक मोटर आपला करंट जवळच्या पत्र्यात सोडते आणि तो पत्र्यातून बॅटरीकडे परततो. याला सगळं गॅरेज 'अर्थ' म्हणतं, पण जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. गाडी तर रबरी टायरवर उभी असते. या एका युक्तीने गाडीतलं तांबं जवळपास निम्म्याने वाचलं. त्याची किंमत मात्र जुनी गाडी वापरणारा मोजतो, कारण वाटेचा निम्मा भाग पत्रा, रंग, गंज आणि स्क्रू यांच्या भरवशावर आहे.

त्या तारेत नेमकं काय वाहतं, हेही थक्क करणारं आहे. हेडलाइटची तार दीड चौरस मिलिमीटर जाडीची आणि तिच्यातून ५ अँपिअर करंट जातोय असं धरा. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन किती, हे माहीत आहे: ८५ या आकड्यापुढे २७ शून्यं. त्यावरून गणित केलं तर तारेतले इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला पाव मिलिमीटर सरकतात! तीन मीटर तार ओलांडायला एका इलेक्ट्रॉनला तीन तासांहून जास्त वेळ लागेल. दिवे लावून मुंबईहून निघालेली गाडी पुणे गाठत आली, तरी निघताना तारेच्या एका टोकाला असलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला पोचलेला नसेल.

मग बटण दाबताक्षणी दिवा कसा लागतो? कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेली असते. बटण दाबलं की विद्युतक्षेत्र प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पूर्ण वाटेवर पसरतं, आणि सगळे इलेक्ट्रॉन सगळीकडे एकदमच सरकू लागतात. म्हणूनच वाट पूर्ण असावी लागते. एखाद्या ठिकाणी ती तुटली की सरकणं सगळीकडे एकदम थांबतं. दोष दिव्याच्या पुढे आहे की मागे, याने दिव्याला काही फरक पडत नाही. दिवा लागत नाही म्हणून आपण दिव्याकडे येणारी तार तपासत बसतो आणि परतीच्या वाटेचा विचारच करत नाही. जुन्या गाडीतले कितीतरी दोष नेमके तिथेच दडलेले असतात.

विझलेल्या दिव्याचा हिशोब

आता त्या उजव्या दिव्याकडे परत जाऊ. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत मागच्या एकाच डब्यात तीन फिलामेंट असतात: पार्किंगच्या तांबड्या दिव्याचं साधारण ५ वॉटचं, ब्रेकचं २१ वॉटचं आणि इंडिकेटरचं २१ वॉटचं. तिघांची येण्याची वाट वेगवेगळी, पण परतायला एकच दार: डबा बॉडीला जिथे कसलेला असतो तो अर्थ. हे दार गंजून बंद झालं आहे, एवढंच गृहीत धरू.

पार्किंगचा करंट डब्यापर्यंत आला आणि अडला. पण त्याच डब्यातून इंडिकेटरचं फिलामेंट निघतं, त्याची तार पुढच्या इंडिकेटरला जोडलेली आहे आणि पुढच्या इंडिकेटरचा अर्थ शाबूत आहे. म्हणजे वाट मिळाली! करंट मागच्या इंडिकेटरमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरमधून बॉडीत उतरतो. ब्रेकच्या फिलामेंटमधूनही त्याला अशीच एक उलटी वाट, डाव्या बाजूच्या ब्रेकच्या दिव्यातून, सापडलेली असते. २१ वॉटच्या थंड फिलामेंटचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे ५ वॉटचं फिलामेंट जवळपास पूर्ण तेजाने जळतं. बाहेरून पाहणाऱ्याला कसलीच शंका येत नाही. दोष आहे, पण झाकलेला आहे.

आता ब्रेक दाबला. २१ वॉटच्या फिलामेंटमधून १२ व्होल्टचा पुरवठा डब्यात आला आणि त्यानेही इंडिकेटरचीच आडवाट धरली. ब्रेक, मागचा इंडिकेटर, पुढचा इंडिकेटर, असे २१ वॉटचे तीन दिवे एकामागे एक जोडले गेले. तिघे सारखे, म्हणून १२ व्होल्टची तिघांत सारखी वाटणी: साधारण चार-चार व्होल्ट. म्हणून पुढचा इंडिकेटर मंद पेटला. डब्यावर आता सुमारे ८ व्होल्ट चढलेले आहेत. पार्किंगच्या फिलामेंटच्या एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला ८. त्याच्या वाट्याला उरले फक्त चार. दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घसरतो. एक तृतीयांश व्होल्टेजवर तो काही टक्क्यांवर येतो. म्हणून दिवा जवळजवळ विझला.

भुताटकी वाटावी अशी ती घटना एका भागाकारात बसली. आणि दोषाचा पत्ताही मिळाला: उजव्या मागच्या डब्याचा अर्थ. एक दिवा दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायला लागला, की जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा अर्थ पाहतो, त्यामागे हे गणित असतं.

दोष तारेत नसतो, सांध्यात असतो

तांबं सहसा म्हातारं होत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची तार आतून लख्ख असेल तर ती आजही नव्या तारेइतकीच वीज वाहते. म्हातारे होतात ते सांधे. जिथे तार पितळी थिंबलमध्ये, म्हणजे टोकाच्या कडीत, दाबलेली असते, थिंबल पत्र्यावर कसलेलं असतं, फ्यूज दोन पट्ट्यांत अडकवलेला असतो, तिथे.

धातूचे दोन तुकडे घट्ट दाबले तरी ते पूर्ण पृष्ठभागाने एकमेकांना भेटत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली सपाट धातूही उंचसखल असतो, आणि फक्त उंचवट्यांची टोकं एकमेकांना लागतात. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला. सांध्यातून जाणारा सगळा करंट अशा मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांतून दाटीवाटीने जातो, हे त्यांनी उलगडून दाखवलं. डोळ्याला बोटभर रुंद दिसणारा जोड विजेसाठी काही ठिपक्यांचाच असतो. त्या ठिपक्यांत ऑक्साइडचा पातळ थर शिरला, की रोध वाढतो. रोध वाढला की उष्णता वाढते. उष्णतेने पट्टीची पकड सैल होते आणि हवा आणखी आत शिरते. इंजिनच्या थरथरीने सांधा कणाकणाने घासत राहतो आणि प्रत्येक घासणीला नवं ऑक्साइड तयार होतं. वर्षानुवर्षं हे चक्र चालू असतं, आणि एक दिवस आपण म्हणतो, काल तर सगळं ठीक होतं!

त्यात आपल्याकडचा पावसाळा. १८०० साली अलेस्सांद्रो व्होल्टाने दोन वेगळ्या धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्याने भिजलेले तुकडे ठेवले आणि पहिली बॅटरी बनली. पत्र्यावर कसलेलं पितळी थिंबल आणि त्यांच्यामध्ये शिरलेलं पाणी हीसुद्धा दोन धातूंची बॅटरीच आहे. फरक इतकाच की ती आपल्याला काही देत नाही, पत्र्याचं लोखंड खाऊन टाकते. कोकणपट्टीत हवेतच मीठ असतं, तिथे हे काम आणखी भराभर होतं. शिवाय तार अनेक बारीक पेडांची असते. समईच्या वातीत तेल चढावं तसं पाणी उघड्या टोकातून त्या पेडांमध्ये चढत जातं, आणि वरचं आवरण निर्दोष दिसत असताना आतलं तांबं काळं-हिरवं पडतं.

मीटर काय विचारतो

ब्रिटिश पोस्ट खात्यातला अभियंता डोनाल्ड मॅकेडी व्होल्ट, अँपिअर आणि रोध मोजणारी वेगवेगळी उपकरणं बाळगून कंटाळला होता. त्याने ती सगळी एकाच पेटीत आणली आणि १९२३ साली तिचा 'ॲव्होमीटर' बाजारात आला. आज त्याचं धाकटं भावंड, मल्टिमीटर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतं. पण मीटर हातात असणं वेगळं आणि त्याला योग्य प्रश्न विचारता येणं वेगळं.

बहुतेक लोक बॅटरी काढून, मीटर ओहमवर ठेवून तारेची दोन टोकं तपासतात. मीटर 'पीप' करतो आणि तार निर्दोष ठरते. पण हेडलाइट मंद करायला ०.४ ओहमचा सडका सांधा पुरतो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असू शकतो. सेल्फच्या, म्हणजे स्टार्टरच्या, जाड तारेत तर १५० अँपिअर वाहत असताना ०.०१ ओहमसुद्धा दीड व्होल्ट गिळतो. इतका बारीक रोध हा मीटर पाहूच शकत नाही. निवांत बसलेल्या तारेला विचारून उपयोग नाही. तिला कामाला लावून मग विचारायचं.

म्हणून दिवा लावा आणि मीटर व्होल्टवर ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.४ व्होल्ट आहेत आणि हेडलाइटच्या दोन टोकांवर १०.२. वाटेत २.२ व्होल्ट हरवले. एवढ्या घसरणीने प्रकाश जवळपास निम्मा होतो. 'बल्ब जुना झाला' असं म्हणत लोक वर्षानुवर्षं त्या अंधुक उजेडात गाडी चालवतात. आता एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरं दिव्याच्या धन टोकाला लावा: ०.४ व्होल्ट. म्हणजे उरलेले १.८ व्होल्ट परतीच्या बाजूला हरवले आहेत. एका मोजमापात निम्मी गाडी संशयातून मोकळी झाली.

मग उरलेल्या वाटेच्या मध्यावर जा. हरवलेले व्होल्ट मध्याच्या अलीकडे की पलीकडे? पुन्हा निम्मी वाट निर्दोष. दर खेपेला संशयित निम्मे होत जातात. सोळा सांधे असतील, तर चार मोजमापांत गुन्हेगार एकटा उरतो. शेवटी मीटरची दोन टोकं एकाच गंजलेल्या स्क्रूच्या दोन बाजूंना लागतात, मध्ये बोटभरही अंतर नसतं, आणि काट्यावर १.८ व्होल्ट दिसतात. जे डोळ्यांना कधीच दिसलं नसतं ते तिथे आकड्यात उभं राहतं. त्या क्षणाचा आनंद ज्याने घेतला, त्याला मी काय म्हणतो ते सांगावं लागणार नाही. त्या सांध्यात सुमारे आठ वॉट जळत असतात. हात लावला तर तो गरम लागतो.

रंगांवर मात्र फार विसंबू नये. अँबॅसेडरची पूर्वज मॉरिस ऑक्सफर्ड ज्या ब्रिटिश परंपरेतली, तिच्यात तारांच्या रंगांची नीट शिस्त होती: तपकिरी म्हणजे सदा जिवंत, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत, हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूज ओलांडून आलेली, काळी म्हणजे अर्थ. पण चाळीस वर्षांत गाडी कितीतरी हातांखालून गेलेली असते. कुणी पावसात हाताशी होती ती तार जोडली, कुणी स्टिरिओसाठी भलतीकडूनच फाटा काढला. रंग सांगतात ती कारखान्याची इच्छा. सध्याची खरी स्थिती मीटरच सांगतो.

फ्यूजच्या जागी दिवा

अर्थ तुटणं हा एक दोष, आणि नको तिथे अर्थ मिळणं हा त्याच्या उलटा. जिवंत तारेचं आवरण पत्र्याच्या धारेवर घासून फाटतं, उंदीर ते कुरतडतात किंवा जुनं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. तांबं बॉडीला टेकलं की शॉर्ट. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि तार लाल होऊन गाडी पेटण्याआधी फ्यूजने स्वतः जळून जाणं हेच त्याचं काम. म्हणून फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं किंवा जाड तार घालणं हा निव्वळ आगीशी खेळ आहे.

पण फ्यूज घातला की उडतो, मग शोध घ्यायचा कसा? दर तपासणीला एक फ्यूज जाळायचा? गॅरेजवाल्यांनी यावर काढलेली युक्ती मला अतिशय सुंदर वाटते. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा दिवा जोडायचा. शॉर्ट असेल तर सगळे १२ व्होल्ट त्या दिव्यावर येतात आणि तो लख्ख पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. तार गरम होत नाही, धोका टळतो. आता त्या फ्यूजवरच्या शाखा एकेक करून सोडवायच्या, वायरिंगचा जुडगा हलवून पाहायचा. ज्या क्षणी दिवा मंदावतो किंवा विझतो, त्या क्षणी दोष तुमच्या हातात असतो. दोष शोधायला आलेला दिवाच पहारेकऱ्याचंही काम करतो.

गाडी नुसती उभी असताना उतरणाऱ्या बॅटरीचं कोडंही असंच सुटतं. पद्मिनीसारख्या गाडीत किल्ली काढल्यावर करंट जवळजवळ शून्य असायला हवा. बॅटरीची एक तार काढून मध्ये मीटर अँपिअरवर जोडायचा (सेल्फ मात्र अशा वेळी मारायचा नाही). ०.४ अँपिअर दिसला, तर कुठेतरी ५ वॉटचा एक दिवा जळतो आहे, बहुधा बंद डिकीत, जिथे कुणी पाहत नाही. एवढा दिवा ४० अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी शंभर तासांत, म्हणजे साधारण चार दिवसांत, रिकामी करतो. मग फ्यूज एकेक काढायचे. ज्याने आकडा पडला, त्या फांदीवर चोर बसलेला आहे.

सांधा नव्याने घडवणं

दुरुस्तीची पहिली पायरी बॅटरीचं अर्थचं टोक काढणं. तेच आधी का? धन टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होईल. अर्थ आधी सुटलेला असेल तर तोच पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. मग तार लख्ख गुलाबी तांबं दिसेपर्यंत मागे कापायची. काळ्या पेडांवर केलेला जोड म्हणजे तोच दोष पुन्हा पेरणं. थिंबल योग्य मापाच्या पक्कडीने असं दाबायचं की पेड चेपून एकमेकांत आणि थिंबलमध्ये हवेलाही जागा उरू नये. नुसता पीळ आणि वरून टेप हा काही महिन्यांचा इलाज. सोल्डर वाईट नाही, पण तो पेडांत चढून तार कडक करतो, आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच ती थरथरीने तुटते. तिथे तारेला आधार द्यावा लागतो. अर्थच्या जागी रंग आणि गंज खरवडून चकचकीत पोलाद काढायचं, दातेरी वॉशर घालून कसायचं आणि मग वरून व्हॅसलिन लावायचं, म्हणजे पाणी आणि हवा बाहेर राहतात. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच.

हे सगळं जुन्या गाडीपुरतं नाही. आजच्या मोटारीत डझनावारी कॉम्प्युटर एकमेकांशी तारांवरून बोलतात, पण त्यांचाही करंट शेवटी बॉडीवरच्या एखाद्या बोल्टमधूनच परततो. तो बोल्ट गंजला की महागडी स्क्रीनही वेड्यासारखी वागते, आणि तिथेही पहिला प्रश्न तोच असतो: करंट परत कुठून जातो आहे?

म्हणून जुन्या गाडीसमोर 'आता वायरिंग संपलं' हे उत्तर लगेच स्वीकारू नये. बहुतेक वेळा तांबं शाबूत असतं आणि दुखणं एखाद्या नखाएवढ्या सांध्यात असतं. सांधे माणसाने जोडले आहेत आणि माणसाला ते पुन्हा नव्याने जोडता येतात. त्यासाठी लागतो एक साधा मीटर, एक दिवा आणि विजेवर इतका विश्वास, की ती विनाकारण काहीच करत नाही.